उभी आणि चालती

माझी थोरली बहीण एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरी घडी करते. एकोणीस वर्षं झाली. धुलाई विभागाची पर्यवेक्षिका होऊनही सहा वर्षं उलटली, पण माणसं कमी म्हणून घडीला अजून तीच असते. तळघराच्या खिडक्या छताला टेकलेल्या आहेत. त्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे पाय तेवढे दिसतात. ताई म्हणते, "मला निम्मं गाव ओळखीचं आहे, गुडघ्यापर्यंत."

ओल्या वाफेत चादरीच्या गठ्ठ्यांवर पुस्तक ठेवून तिनं बाहेरून पदवी केली. तीन वर्षांच्या पदवीला सात वर्षं लागली. त्यामुळे यंदा हॉस्पिटलनं एका कर्मचाऱ्याला पुढच्या शिक्षणाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. दोन अभ्यासक्रम होते. एक व्यवसाय व्यवस्थापनाचा, दुसरा नेतृत्वाचा. दोन्हींनंतर वरच्या मजल्यावर टेबल मिळणार होतं, पूर्ण उंचीच्या खिडकीजवळ. अर्ज गुरुवारी चारच्या आत द्यायचा होता.

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे घरातले सगळे अर्ज माझ्याच माथी.

"दोन्हींत फरक काय रे?" तिनं विचारलं.

"एकात कामाचा हिशोब शिकवतात, दुसऱ्यात माणसांना घेऊन चालायला."

"चालायला?" ती हसली. "ते तर मी रोजच करते."

चादर घडी करायला दोघी लागतात. एक 'उभी', एक 'चालती'. दोघी दोन-दोन टोकं धरून हात डोक्याच्या वर नेतात, चादर झटकतात. मग चालती आपली टोकं घेऊन समोर जाते आणि उभीच्या हातात देते. उभी वाकून खालची घडी उचलते. की चालती पुन्हा मागे. ताई चालती; तिच्या समोर बारा वर्षं एकच बाई उभी आहे. पाठ ताठ म्हणून तिला सगळे इस्त्री म्हणतात. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

नेतृत्वाच्या अर्जात एकच प्रश्न होता: हाताखालच्या माणसांसाठी घेतलेला एक कठीण निर्णय लिहा.

ताईनं सांगितलं आणि मी लिहिलं. दोन वर्षांपूर्वी इस्त्रीचा डावा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. तिथला नियम साधा आहे: हात वर जात नाही, तर घरी. घरी तिचा आजारी नवरा आणि ती, दोघंच. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी आधी उजवा, मग डावा हात वर करायला सांगितला. इस्त्रीनं दोन्ही वेळा उजवाच वर केला. डॉक्टर कागदात बघत होते. त्या दिवसापासून ताई चालतीही झाली आणि उभीही. आपली टोकं घेऊन समोर जायचं, इस्त्रीच्या छातीशी तिच्या हातात द्यायची, स्वतःच वाकून खालची घडी उचलायची, मागे यायचं. इस्त्री फक्त धरून उभी. खाली सगळ्यांना माहीत होतं, वर कुणालाच नाही.

मी मन लावून लिहिलं. आमच्या शाळेत असा निबंध आला असता तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. ताईनं तो दोनदा वाचला, काठाला काठ जुळवून त्याची चौघडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "हे वाचलं की तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग दुसरा एखादा निर्णय लिहू."

"दुसरा मी घेतलाच नाही. बाकी सगळं वरूनच ठरून येतं."

मग उरला व्यवस्थापनाचा अर्ज. त्यात निबंध नव्हता, तक्ता होता: विभागातल्या प्रत्येक जोडीला एका चादरीला लागणारे सेकंद, उशिराचं कारण, सुचवलेली सुधारणा. बाकीच्या जोड्या नऊ, दहा. ताईची जोडी चौदा.

"नऊ लिहून टाक," मी म्हणालो.

"रोजच्या गठ्ठ्यांची नोंद वर जाते. तिथल्या लोकांना भागाकार येतो."

तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. खिडकीबाहेर सकाळचं मळकट ऊन होतं. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. सेकंद: चौदा. कारण: पर्यवेक्षिकेचा गुडघा. सुधारणेच्या रकान्यात 'जोडी बदला' एवढंच लिहिता आलं असतं, आणि मग इस्त्रीचा खांदा उघडा पडला असता. तिथं तिनं आडवी रेघ ओढली.

"ताई, तुझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"आता होईल."

गुरुवारी अर्ज गेला. शुक्रवारपासून ती तळघराच्या पायऱ्या एक-एक करून, कठड्याला धरून उतरू लागली. वरच्या कुणी बघितलं तर खरं वाटावं म्हणून.

महिन्याभरानं पत्र आलं. स्वतःच्या विभागातली सर्वांत संथ जोडी जिची आहे आणि जिला त्यावर उपाय सुचत नाही, अशा व्यक्तीचा विचार करता येत नाही. प्रकृतीची काळजी घ्यावी. निवड भटारखान्याच्या भांडारपालाची झाली, नेतृत्वासाठी. त्यानं तीन मदतनिसांना कामावरून कसं काढलं ते लिहिलं होतं. निर्णय कठीण होता, यात शंका नाही.

त्या दिवशी खाली काय झालं ते ताईनंच मला सांगितलं. यंत्रं गरगरत होती. दोघी समोरासमोर, मध्ये ताणलेली चादर.

"काय गं पोरी," इस्त्री ओरडली, "पास की नापास?"

"नापास."

"अगं बाई! तुझ्यासारखीला? डोकं चालत नाही म्हणाले की काय?"

"नाही हो. पाय चालत नाही म्हणाले."

"पाय? चालतीचा पाय चालत नाही?" इस्त्री इतकी हसली की तिच्या हातातलं टोक सुटलं. डोळे पुसायला तिनं उजवा हात वर नेला. डावा जिथं होता तिथंच राहिला. "गेले खड्ड्यात. वर जाऊन तू काय केलं असतंस? मला तिथून फोनवर घड्या सांगितल्या असत्यास?"

ताईनं सुटलेलं टोक उचलून तिच्या हातात दिलं.

अर्जात काय लिहिलं ते ताईनं इस्त्रीला अजून सांगितलेलं नाही. निबंधाची चौघडी पर्समध्ये आहे, घड्यांवर कागद फाटायला लागलाय. आणि परवा मी घरी गेलो तर ताई चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. घरात आम्ही दोघंच होतो, बघणारं कुणी नव्हतं. तरी ती लंगडत होती.

"इथं कशाला लंगडतेस?" मी विचारलं.

"इथं कशाला म्हणजे?" ती म्हणाली, आणि भिंतीला हात टेकून तिनं दुखऱ्या गुडघ्यावरचा भार काढला.