अँप्लिफायरच्या गुरगुरीस जबाबदार कोण?

आश्विन शुद्ध नवमी : अँप्लिफायर सुस्थितीत, सायंकाळी यथासांग पूजा. दशमी : कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. एकादशी : तडतडीच्या जोडीला गुरगुर. द्वादशी : गिटार ऐकूच येईना. जबाबदार : वीज कंपनी, खालच्या मजल्यावरील महेशभाई व त्यांची पाण्याची मोटर, आणि माझा मेहुणा दिलीप, ज्याने श्रावणात करजणहून येऊन एक व्हॉल्व्ह बदलला होता. चौथे नाव तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

हा जुना, व्हॉल्व्हचा (म्हणजे आत बल्बासारख्या काचेच्या नळ्या असलेला) अँप्लिफायर माझी पत्नी शरयू हिने माहेरून आणलेला. लग्नाआधी ती वाद्यवृंदात गिटार वाजवीत असे. लग्नानंतर वाजविली ती आमच्या दिवाणखान्यात, आणि तीही मी वर्तमानपत्र वाचत नसताना. यंदा मात्र कोजागिरीला, हरणीच्या आमच्या सोसायटीच्या अंगणात, ती पुन्हा लोकांसमोर वाजविणार होती. नेमक्या अशा वेळी यंत्राने गुरगुरावे, हे कंपनीच्या विधी विभागात हयात घालविलेला मनुष्य कसे सहन करील? मी नोटिसा काढल्या.

“अहो, आधी मागचं झाकण उघडून बघते ना,” शरयू म्हणाली.

“पुराव्याला हात लावायचा नाही,” असे बजावून मी झाकणावर माझ्या सहीचा मनाई हुकूम डकविला.

वीज कंपनीने उत्तर दिले नाही (ते मौन मी कबुली समजलो). दिलीप फोनवर म्हणाला, “भावोजी, व्हॉल्व्ह खराब असता तर श्रावणापासून नीट वाजला असता का?” हा प्रतिप्रश्न असल्याने उत्तर म्हणून मी तो ग्राह्य धरला नाही. महेशभाई तर नोटीस हातात घेऊनच जिना चढून आले.

“वकीलसाहेब, माझी मोटर चालते म्हणून तुमचं मशीन गुरगुरतं, असं लिहिलंय?”

“स्पष्ट लिहिले आहे.”

“पण मोटर तर नवरात्रीच्या आधीच बगडी, बंदच पडलीय. पाणी आम्ही तुमच्याच नळावरून भरतो ने. भाभी, साहेबांना सांगितलं नाही तुम्ही?”

“सांगितलं असतं तर करारनामा मागितला असता त्यांनी,” शरयू आतून म्हणाली.

संतापून मी सोसायटीच्या फलकावर सूचना लावली : दोषी व्यक्तीने कोजागिरीस सर्वांसमक्ष उत्तर द्यावे.

त्रयोदशीला शरयूने माझा हुकूम टराटरा फाडला. “कोजागिरी परवावर आली. मला वाजवायचंय.” प्लग काढून, आत साठलेली वीज उतरेपर्यंत ती थांबली. मग झाकण काढले, आणि आत वाकून पाहिले.

“अहो, नवमीला पूजा केलीत, ती नेमकी कुठे?”

येथे खुलासा आवश्यक आहे. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. खंडेनवमीची शस्त्रपूजा आमच्याकडे चुकत नाही. शस्त्र मात्र घरात भाजीच्या सुरीपलीकडे उरलेले नाही, म्हणून मी घरातील सर्वांत अवजड यंत्र पूजेस घेतो. यंदा पत्नीस यश लाभावे, या शुद्ध हेतूने बाहेरची पूजा मला अपुरी वाटली. झाकण उघडून मी प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडाशी ओले गंध, हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या.

“बुडाशीच का पण?”

“पूजेत वाहायचे ते चरणांवरच.”

शरयूने स्पिरिट आणि कापसाने व्हॉल्व्हची एकेक खाच पुसली, आणि गुरगुर थांबली. महेशभाईंनी बॅटरी धरली आणि ते एकदाही हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

कोजागिरीला ती वाजवू लागली, तेव्हा दूधपोह्यांच्या वाट्या लोकांच्या हातातच राहिल्या. माझीही. टाळ्या ओसरल्यावर महेशभाईंनी माइक घेतला. “चालो, आता सूचनेप्रमाणे दोषी माणूस उत्तर देईल.”

मी उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष पुन्हा खाली बसलो. मागणी मात्र कायम आहे. ‘यंत्राचे झाकण उघडू नये’ ही साधी सूचना विधीत का नाही, याचे उत्तर पूजाविधी छापणाऱ्यांनी जाहीररीत्या द्यावे. ते येईपर्यंत अँप्लिफायरच्या जवळ जाण्यास मला मनाई आहे. हुकूम लेखी असून झाकणावरच डकविलेला आहे. खाली शरयूची सही आहे, आणि मसुद्यात मला एकही चूक सापडलेली नाही.