बाप झिंड की इस्ट?

भाचीची मुलाखत बिघडवायची तयारी मी आठ दिवस आधीपासून केली. तेव्हा मला वाटत होतं, मी शिकवतोय.

भाची नर्स. जर्मनीतल्या एका दवाखान्यात जागा होती, आणि भाषेच्या क्लासपायी पोरीनं इथली नोकरी सोडलेली. आता व्हिडिओ कॉलवर बोलून दाखवायचं. जमलं तर विमान, नाही तर पुन्हा घर.

ती अडली होती जर्मनमधल्या ‘असणे’पाशी. मी बिन, तू बिस्ट, तो इस्ट, ते झिंड, आणि काल असेल तर वार.

“मामा, एका शब्दाची इतकी सोंगं कशाला?”

मी कळंबच्या शाळेत मराठी शिकवतो. असं कुणी विचारलं की मला चेव येतो.

“आपण काय वेगळं करतो? ‘असेन’ आणि ‘होतो’ एकाच क्रियापदाचे म्हणून चालवतोच ना! आपण दोन धातू एका दावणीला बांधले, त्यांनी तीन. इस्ट म्हणजे संस्कृतातलं अस्ति. झिंड म्हणजे सन्ति. बिन हा भू धातूचा, आपल्या ‘होणे’चा भाऊबंद. आणि वार निघाला वस् धातूतून, त्यातूनच आपली वस्ती!”

ती खूश. मी त्याहून खूश. “‘आहेत’ आलं की झिंड. डोळे झाकून लाव.”

मुलाखतीला फोन तांब्याला टेकवला. दाजी, म्हणजे तिचे वडील, रानातून येऊन दाराशी बसलेले. मी कपाटाआड. पडद्यावरच्या बाईनं विचारलं, वडील काय करतात?

भाची ठणठणीत म्हणाली, “माइन फाटर झिंड बाउअर.” माझे वडील शेतकरी आहेत.

“झिंड?” बाईच्या भुवया चढल्या.

“झिंड.”

बाईनं खाली बघून काहीतरी लिहिलं. जर्मनमध्ये बाप एकच, आणि एकाला इस्ट! मी कपाटाआडून एक बोट नाचवलं, ओठांनी “इस्ट, इस्ट” केलं. भाचीला कळलं. तिनं तोंड उघडलं, दाराकडं पाहिलं आणि मिटलं. बापासमोर ‘बाप आहे’ म्हणायचं? आमच्यात असं भांडणातच बोलतात.

बाई थांबलेली.

शेवटी भाची एकेक शब्द जोडत जर्मनमध्ये म्हणाली, “व्याकरणात वडील इस्ट. आमच्या घरात वडील झिंड. मान द्यायचा म्हणून.”

बाईनं पेन खाली ठेवलं. “आणि आई?”

“आई इस्ट,” भाची म्हणाली. “ती जवळची.”

बाई इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. पुढं पाच मिनिटं बोलणं झालं आणि ती म्हणाली, या तुम्ही, कागद पाठवते.

फोन बंद झाल्यावर दाजी उठले. “जमलं?”

“जमलं, आप्पा!”

“मग माझ्याकडं बघून काय घोळत बसली व्हतीस मगाशी?”

“मामांना विचारा.”

मी कपाटाआडून बाहेर आलो. “दाजी, तिनं तुम्हाला अनेक केलं. एकाचे चार.”

दाजींचा चेहरा उतरला. “आरं, असं खोटं कशाला बोलली? मास्तर, तिथं लई कडक असतंय, कागदं तपासत्यात!”