बेबीकाकूंची बिननावाची जीप

बेबीकाकू जगदाळे चिडल्या की इंदूरच्या छत्रीबागेतली कुत्रीसुद्धा सावली सोडून उन्हात जाऊन बसतात. त्या शुक्रवारी तर मांजरंही गेली.

कारण अंकुर. काकूंच्या दिवंगत नवऱ्याचा, लक्ष्मणकाकांचा पुतण्या, वय तिशीपार, अक्कल अजून वाटेत. त्याने काकूंची जीप मानपुरला नेली. तिथे टायर पंक्चर झालं. याने चाक बदललं आणि नट घट्ट बसावेत म्हणून पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहून उड्या मारल्या. चाक ज्या बोल्टांवर बसतं, ते हबमधले स्टड. त्यातले दोन कटकन तुटले, बाकीचे वाकले. जीप हायवेच्या कडेला सोडून साहेब बसने घरी.

"काकू, जीप बूढ़ी हो गई यार. जरा आवळलं तर तुटली."

"आवळलं? नाचलास तू तिच्यावर, रेड्या!"

"भंगारात देऊन टाका ना. तुम्हाला मळ्यावर मी नेत जाईन. टाइम मिळाला की."

टाइम मिळाला की! काकूंचा सीताफळांचा मळा मानपुरच्या आत, दगडगोट्यांच्या वाटेवर. तिथे बस जात नाही, रिक्षा जात नाही. नवरा गेल्यापासून काकू स्वतः जीप हाकत जातात, कुणाच्या टाइमची वाट बघत नाहीत. आणि आता या पोराच्या मर्जीवर?

"ऐक," काकू गरजल्या, "रविवारी दुपारपर्यंत मी जीप चार चाकांवर उभी नाही केली, तर बोलव तुझ्या भंगारवाल्याला. मी एक शब्द बोलणार नाही!"

रागात बोलून बसल्या. अंकुरने लगेच भंगारवाल्याला फोन लावला. एवढी चपळाई जन्मात दाखवली नव्हती.

आता त्या जीपचं असं आहे की ती कुठल्याच कंपनीची नाही. मळ्याच्या वाटेवर टिकेल अशी गाडी बाजारात मिळेना, तेव्हा लक्ष्मणकाकांनी स्वतःच जमवली. मागचा एक्सल एका गाडीचा, ड्रम दुसरीचे, चाकं तिसरीची. हबची भोकंसुद्धा मोठी करून घेतली. त्यांनी जपून ठेवलेला एकुलता एक जास्तीचा स्टड नमुना म्हणून रुमालात बांधून काकू शनिवारी सियागंजकडच्या पार्ट्सच्या दुकानांत निघाल्या. अंकुरला दंडाला धरून सोबत.

पहिल्या दुकानदाराने स्टड पाहिलाच नाही. "गाड़ी कौन-सी है, भिया?"

"गाडी माझी आहे. मला विचारा."

"हओ आंटीजी, बिल्कुल." मग पुन्हा अंकुरकडे वळून, "तो भिया, गाड़ी कौन-सी?"

दुसऱ्याच्या तोंडात पान. मान छताकडे. "मॉडल बोलो, मॉडल." काकूंनी एक्सल, ड्रम, चाकं सगळं समजावलं. त्याने शांतपणे पान गालाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं. "ऐसी गाड़ी तो आती ही नी है."

"येत नाही? मग मी इतकी वर्षं काय पाटावर बसून मानपुरला जाते?"

"वो आप जानो."

तिसरा भलताच गोड. "ले जाओ माताजी, जरा-सा पतला है. पीछे से वेल्डिंग मरवा लेना, हिलेगा नी."

काकूंचे डोळे बारीक झाले. स्टडच्या मुळाशी दाते असतात, ते हबच्या भोकात घट्ट रुतायला हवेत. नाहीतर नटाबरोबर स्टडही गरगरतो. "वेल्डिंगने तापला की ठिसूळ होतो. उतारावर चाक मला मागे टाकून पुढे जाईल. तुमच्या सासूबाईंच्या गाडीला लावा हा!"

"लगा लो ना काकू," अंकुर पुटपुटला, "सब चलता है."

"तू चूप! तुझ्या 'सब चलता है'नेच सगळं थांबलंय."

राजवाड्याच्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत काकूंनी दुकानदारांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. स्टड नाहीच.

रविवारी सकाळी दोघं बसने मानपुरला उतरली. समोर दगडांवर टेकलेली जीप. बघून काकूंना जास्तच संताप आला. तिच्या मागे एक शेड होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायची. काकू तणतणत आत शिरल्या आणि स्टड लोखंडी टेबलावर आपटला.

"गाडीचं नाव विचारू नका! नाव नाहीये!"

ट्रॉलीवाल्याने ठिणग्या थांबवल्या. "नाम को कई करूँ, बेन? कितरो मोटो चइये?"

किती जाड! काल अख्ख्या इंदूरने हा प्रश्न विचारला नव्हता. ट्रॉल्यांना कुठली आलीय कंपनी? ज्याला जसा एक्सल सापडेल तशी ट्रॉली. म्हणून इथे माल मापाने ठेवलेला, नावाने नाही. काकूंनी आणि त्याने मिळून डबे उलटे केले, मुळाची जाडी, लांबी, आटे, एकेक जुळवून पाहिलं. मग ड्रम काढला, जुने स्टड ठोकून बाहेर, नवे नटाने ओढून आत. शेवटचा काकूंनी स्वतः ओढला. दाते रुतले तेव्हा पान्यातून हाताला कळलं.

दुपारी भंगारवाला आपला टेम्पो घेऊन आला, तर जीप चार चाकांवर उभी.

"अरे, ये तो खड़ी है!"

"मस्तच काकू!" अंकुर टाळ्या वाजवत म्हणाला. "आता भंगार कशाला? चालू गाडी म्हणून विकू. एक पार्टी आहे माझ्याकडे, कल ही आ जाएगी."

काकूंच्या ओठांवर काय काय आलं, ते सगळं गिळून त्या जीपमध्ये चढल्या. दुसऱ्या बाजूचं दार आतून लावलं.

"काकू? ओ काकू! मी कसा येऊ?"

"बस मिळते समोरून."

"माझा मोबाइल आत राहिला, यार!"

जीप मळ्याच्या वाटेला लागली. भंगारवाल्याने अंकुरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भिया, भंगार तो मिला नी, मेरी गाड़ी खाली जा री है. पीछे बैठ जाओ."

पहिल्या वळणापुढे काकू थांबल्या. नवे स्टड थोडं चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात. भर उन्हात चाकाशी वाकून त्यांनी एकेक नट आवळला, आणि दर नटाला अंकुरच्या नावाने एक शिवी. मग सीटखाली वाजणारा त्याचा मोबाइल काढून बंद केला आणि गिअर टाकला.