मुकी भिरभिरी

नव्वदच्या दशकात मी सुरतेजवळ कडोदऱ्याला कारकून होतो. तिथे हायवेच्या कडेला पॉवरलूमवर कापड विणणाऱ्या एका खानदेशी कामगाराने पन्नासेक भिरभिरी उभारली होती. बांबूच्या टोकाला रिकामी बॉबिन, तिच्यावर तेलाच्या डब्याची रंगवलेली पाती. ट्रक गेला की सगळी एकदम फिरायची आणि बसमधली माणसं खिडकीतून माना काढायची.

एका सुट्टीला मी मुद्दाम तिथे बसमधून उतरलो. तो हातात तेलाची कुपी घेऊन उभा होता. मला पाहताच ओरडला, "भाऊ, एखादं कुरकुरस का?"

कडेचं एक कुरकुरत होतं. मी बोट दाखवलं. त्याने लगेच तेल सोडलं.

लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते. तो ओठ बघून बोलणं ओळखायचा. मी विचारलं, "तुम्हाला ऐकूच येत नाही, मग कुरकुरलं तर काय बिघडलं?"

"माले नही येत," तो म्हणाला. "पन ज्यास्ना कान अजून शाबूत शेतस, त्या पाळी सुटल्यावर आठे शांत बसाले येतस ना." त्याने भिरभिऱ्यांखालच्या गवताकडे हात केला.

तेवढ्यात ट्रक गेला. सगळी भिरभिरी फिरली. मी कान देऊन ऐकत होतो आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.