मशीन चुकलं तर तांदूळ कोण देणार?

निर्मळ गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या, फुलं विकणाऱ्या काकूंना गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता रेशन नाकारलं गेलं. दुकानातल्या एआयवर चालणाऱ्या मशीनने त्यांचा चेहरा ओळखला नाही. दुकानदार त्यांना लग्न होऊन आल्यापासून ओळखतो, पण त्याच्या ओळखीला सरकारी किंमत नाही.

आम्ही गावातल्या कार्यकर्त्यांनी नेहमीप्रमाणे आधी पत्रक छापलं आणि मग काकूंना वाचून दाखवलं. ‘एआयवर बंदी घाला’ हे मथळ्याचे शब्द माझेच होते.

काकू म्हणाल्या, “बंदी कसली घालताय रे? मशीन राहू दे. ते चुकलं तर तांदूळ द्यायचा अधिकार दुकानदाराला द्या की!”

पत्रकं रद्दीत गेली. काकूंना तांदूळ अजून मिळालेला नाही. तुमच्या आमदाराला आजच पत्र लिहा आणि काकू म्हणतात तो नियम मागा.