ओट्याजवळचे खडे

आमटी पहिल्यांदा खारट झाली तेव्हा मी मिठाला नावं ठेवली. दुसऱ्यांदा झाली तेव्हा डाळीला. तिसऱ्यांदा मात्र घास तोंडात तसाच धरून ठेवला, कारण आता दोष द्यायला घरात मीच उरले होते. समोर हे होते, माझा नवरा, पण ह्यांचा आणि स्वयंपाकाचा संबंध ताटापासून सुरू होतो.

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून आमचं दोघांचं जेवण अगदी साधं. वाटीभर डाळ, एक पालेभाजी, भात, हे बाजारात गेले तर ओले बोंबील. मिठाचा अंदाज मला कधी घ्यावा लागत नाही, हात आपोआप थांबतो. आणि हे तर जेवणाला बोल लावल्याशिवाय न उठणारे. भेंडी जरा चिकट झाली तरी ‘हिला आंघोळ घातलीस का गं?’ म्हणतील. त्या खारट आमटीचे मात्र त्यांनी भुरके मारले आणि वर पुन्हा वाढून घेतली. मला ते बरं वाटलं नाही.

मला कसली भीती वाटत होती ते सरळ सांगते. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं सगळं विसरत गेल्या. तरुणपणी ठाण्याच्या खाडीवर मिठागरात राबलेली बाई. आधी नावं विसरल्या, मग घराचा जिना. स्वयंपाकघरात यायच्या, उकळत्या भांड्यात मीठ टाकून जायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा टाकायला यायच्या. शेवटी शेवटी मलाच विचारायच्या, ‘बाय, तू कोनाची गो?’ ते सगळं मी निस्तरलं होतं. तेच आता मला होतंय, असं वाटलं. मी विसरायला लागले तर ह्या माणसाला जेवू कोण घालणार? ह्यांना चहासुद्धा धड जमत नाही.

मग मी स्वतःवर पहारा ठेवला. मीठ घातलं की मोठ्यानं म्हणायचं, ‘घातलं.’ बरणीवर चमचा उपडा ठेवायचा, म्हणजे पुन्हा हात गेला तर कळेल. चमचा जागच्या जागी असायचा आणि आमटी खारट असायची.

एका सकाळी अनवाणी ओट्याजवळ उभी असताना टाचेखाली काहीतरी करकरलं. वाकून पाहिलं तर मिठाचे दोन खडे.

मी ते उचलून तळहातावर घेतले. सासूबाईंची एक रीत होती. जाड्या मिठाची चिमूट घेतली की त्यातले एक-दोन खडे आधी जमिनीवर सोडायच्या, मगच भांड्यात. ‘पयलं खाजनाला, मंग आपल्याला,’ म्हणायच्या. खाडीकाठच्या ज्या खाजणावर पोट भरलं, त्याचा वाटा. मी फरशी पुसून पुसून वैतागायचे. त्या गेल्यावर त्या ओट्याजवळ कधी एक खडा पडला नव्हता.

मी भुताखेतांना मानणारी नाही. तरी त्या दिवशी ह्यांना विचारलं, ‘अहो, तुम्ही मिठाच्या बरणीला हात लावता का?’

‘मी? मला बरणी कुठं असते ते पण नाय माहीत.’ पेपर खाली न करता म्हणाले. मग हसले. ‘आई येऊन जात असेल गं. तुझ्या हाताला चव नाय म्हणायची ना.’

एरवी मी उलट काहीतरी सुनावलं असतं. त्या दिवशी जाऊन बरणीचं झाकण घट्ट लावून आले.

दुसऱ्या दिवशी मी आमटीत मीठ घातलंच नाही. मुद्दाम. चव घेतली, अळणी होती. गॅस बारीक केला आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले. पाठीमागे बरणीचं झाकण घासल्यासारखा आवाज आला. तीच चिनीमातीची बरणी, तोच आवाज. आत आले तर स्वयंपाकघरात कोणी नाही आणि हे बाहेर टीव्हीसमोर. पळीनं आमटी हातावर घेऊन चाटली. मीठ अगदी बरोबर पडलं होतं.

भर दुपारी, उन्हात, मला घरात उभं राहवेना.

मीच ह्यांना म्हटलं, शनिवारी बाहेर जेवू. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात लेथवर होते तेव्हा हे पगाराच्या शनिवारी मला डोंबिवलीला घेऊन जायचे. स्टेशनबाहेर एक खानावळ होती, आम्ही एकच राईसप्लेट दोघांत घ्यायचो आणि मालक जास्तीचा पापड ठेवायचा. ती खानावळ अजून आहे, फक्त टेबलांना आता काच आलीय. मला परक्या हाताचं जेवायचं होतं. माझी जीभच बिघडलीय का, तेही बघायचं होतं.

थाळ्या आल्या. मी वरणाचा पहिला घास घेतला. मीठ नीट होतं. माझी जीभ ठीक होती, डोकं ठीक होतं. इतकं हलकं वाटलं की मी ह्यांच्या ताटातला पापडही पळवला. हे रंगात आले होते. कारखान्यातला कुठला तरी जुना किस्सा सांगत होते, फोरमनची टोपी मशिनीत गेल्याचा, आणि मी ऐकलेला असूनही हसत होते.

सांगता सांगता ह्यांनी टेबलावरची मिठाची डबी उचलली. डाव्या तळहातावर थोडं मीठ ओतलं. उजव्या हाताची चिमूट भरली, हात टेबलाखाली नेऊन त्यातलं थोडं जमिनीवर सोडलं आणि उरलेलं माझ्या वरणात टाकलं. नजर माझ्याकडेच, किस्सा चालूच. अंगठा आणि दोन बोटं, करंगळी बाजूला ताठ. तो हात सासूबाईंचा होता. थोड्या वेळानं तोच हात पुन्हा आला, पुन्हा खाली गेला आणि पुन्हा माझ्या वाटीवर आला.

‘काय गं? अशी काय बघतेस?’

‘अहो, आत्ता काय टाकलंत?’

‘कुठं काय?’ तळहाताला मीठ चिकटलेलं होतं. ह्यांनी तो पँटला पुसला आणि म्हणाले, ‘तर मग ती टोपी...’

टोपी मशिनीत गेली ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी पुन्हा हसले. वरण तोंडात धरवत नव्हतं, पण वाटी पुसून संपवली. घरात कोणी येत नव्हतं. जो होता तो रोज माझ्यासमोर जेवत होता. सासूबाई आल्या असत्या तर परवडलं असतं, असं मला त्या खानावळीत बसून खरोखर वाटलं.

पुढं डॉक्टरांकडे खेपा झाल्या, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आज वार कोणता विचारलं, तर हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ते ही सांगते.’ डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर मला रडू आलं आणि ह्यांनी मला रुमाल दिला.

तेव्हापासून मी मीठ घालत नाही. आमटीला उकळी आली की गॅलरीतून हाक मारते, ‘अहो, जरा आमटीकडे बघा हो.’ हे उठून जातात. मी पाठ फिरवून खाडीकडे बघत उभी राहते. झाकण घासतं, एखादा खडा फरशीवर टपकतो, चमचा परत जागेवर ठेवल्याचा आवाज येतो, मग पळी फिरते. कधी आमटी खारट होते, कधी बरोबर. ज्या आवाजानं मी घाबरले होते, त्याचीच आता रोज वाट बघते. ओट्याजवळची फरशी मी पुसत नाही. संध्याकाळी केर काढते तेवढाच.

परवा हाक मारली, हे गेले, पळी फिरल्याचं ऐकू आलं. ताटं घेतली. पहिला घास घेतला, आमटी अळणी होती.

ह्यांनी भुरका मारला. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, पाहुण्यांकडे बघावं तसं, आणि अदबीनं म्हणाले, ‘आमटी छान झालीय हो तुमची.’

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. ओट्याजवळ चप्पल काढली आणि अनवाणी पाय फरशीवरून सावकाश फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायाला काहीच लागलं नाही.