अनुसया सिस्टरचं हंबरणं

अनुसया सिस्टर हंबरायच्या. खोटं सांगत नाही. मुखेडच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत त्या हंबरल्या, की बाजारातल्या म्हशी दावी तोडून तिकडं निघायच्या आणि वॉचमन त्यांना विचारायचा, "केसपेपर काढला का?" आता सिस्टरची बदली धर्माबादला झालीय. तिथल्या म्हशींचं काय होत असेल, देव जाणे.

माझ्या पहिल्या खेपेला मी ओठ घट्ट मिटून पडले होते. कारण सासूबाई. 'चार लेकरं झाली, पण शेजारणीला चाहूल लागू दिली नाही,' हे त्या व्हिडिओ कॉलवरसुद्धा ऐकवायच्या. मग सुनेनं कसं ओरडायचं? कळ आली की मी ओढणी दातांत धरायची, श्वास कोंडायची. दुपारपर्यंत अंगातलं त्राणच गेलं. आता हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, अशी खात्री झाली.

सिस्टरनी ओढणी हिसकली. "खाऊन राहिलीस का काय? वर आवळलं की खालीबी आवळतंय, बाई! जबडा सैल सोड. किंचाळू नको, दम जाईल. पोटातून काढ... म्हंऽऽ!" पलंगाचे नटबोल्ट ढिले झाले. "कळ म्हंजे पाहुणी हाय. येती, जाती. गेली की घोटभर पाणी पी, डोळे मीट. उगं तिची वाट बघत बसू नको."

मी हंबरले. कळ तेवढीच होती. पण आता ती मला फरफटत नव्हती, मी तिच्यावर बसले होते.

"बाईमाणसानं असं ओरडावं का?" सोबतीला आत घेतलेल्या सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

"मावशी, इकडं या. तिची कंबर दाबा. अन् तिच्यासंगं म्हना. एकटीला लाज वाटून राहिली तिला."

"मी?"

"हाव, तुमीच!"

सासूबाईंचा पहिला आवाज मांजरीएवढा. पुढच्या कळेला वासराएवढा. मग आम्ही तिघी अशा लागलो, की तिकडं उदगीरला गाडी भोंगा समजून सुटली म्हणे. "आता लाव जोर!" सिस्टर गरजल्या, आणि लेक आली. तीही आमच्याच सुरात.

सिस्टरनी तिला माझ्या छातीवर ठेवलं. लेक गप्प झाली, मी गप्प झाले. सासूबाईंचं चालूच. डोळे मिटलेले, हात माझ्या कमरेवर, गालांवरून धारा.

"आई, झालं हो," मी म्हणाले.

सिस्टरनी मला खुणेनं थांबवलं. त्यांचा एवढा हळू आवाज मी तेव्हाच ऐकला.

"करू दे, माय. चारी लेकरांचं राहिलंय त्यांचं."